पंखाला राहिलेली गाठ

कूलर माळ्यावरून खाली आला, मिस्त्र्याने जुनं गवत काढून नवं भरलं, आणि त्या दुपारी मंदाने बटण दाबलं. आधी तो नुसता कुरकुरला. मग पंख्याने वेग घेतला, खोलीभर घुंई सुरू झाली, ओल्या गवताचा वास सुटला, आणि माझ्या हातातलं तांदूळ निवडणं तिथेच राहिलं. दर वर्षी हेच होतं. नागपूरच्या माणसाला कूलर लागला की झोप येते. माझं उलटं आहे. मला बसवत नाही. पाय आपोआप दाराकडे जातात, कोणी बोलावल्यासारखे.

"काय झालं वं आई, काहून उठली?" मंदाने विचारलं. मंदा माझी मुलगी. मी तिच्याकडेच असते, नंदनवन वस्तीत.

"काही नाही. विमान सुरू झाल्यासारखं वाटलं."

"कूलर आहे तो."

"मले माहीत आहे कूलर आहे म्हणून."

ती हसली. दर वर्षी आमचं एवढंच बोलणं होतं, आणि दर वर्षी मी गच्चीवर जाऊन येते. वर काही नसतं. पांढरं पडलेलं आभाळ, तापलेल्या टाक्या, आणि खूप वर एखादी घार. पंख हलवत नाही ती. नुसती गोल गोल चढत जाते. तापलेली जमीन तिला वर ढकलते, हे मला एकोणिसाव्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं. तोवर मला वाटायचं, घारीला फार ताकद असते.

उन्हाळा म्हटलं की कोणाला आंबे आठवतात, कोणाला माहेर. मला डोप आठवतो. आता डोप म्हणजे काय हे सांगावंच लागेल. तेव्हा लहान विमानांचे पंख कापडाचे असत. हो, कापडाचे. लाकडी फासळ्यांचा सांगाडा, त्यावर सुती कापड ताणून घालायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने ते सांगाड्याला शिवून घ्यायचं, आणि वरून डोप नावाचं पातळ औषध कुंच्याने चढवायचं, एक हात वाळला की दुसरा. वाळता वाळता कापड आवळत जातं आणि शेवटी ढोलकीसारखं वाजतं. पण हवेत जरा ओल असली की हा डोप पांढरा पडतो, बुरशी आल्यासारखा, आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. म्हणून पंखांचं काम कोरड्या उन्हात करायचं. आणि कोरडं ऊन आमच्या नागपुरात कोणाला मागावं लागत नाही. होळी झाली की सुरुवात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, संपायच्या आत सगळे पंख तयार. नवतप्यानंतर ढगांचा भरवसा नाही.

तर ही मी, इतवारीच्या मागच्या गल्लीतली कोष्ट्याची पोर, सातवी शिकलेली, विमानाच्या पंखापर्यंत पोचले ती एका गाठीमुळे. विमानतळाच्या पलीकडच्या माळावर तेव्हा विमान शिकवणारा एक क्लब होता. तिथले मोठे मिस्त्री गुलाबमामा. ते जाड दोरा शोधत आमच्या गल्लीत आले, आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसले. मी मागावर होते. ताण्याचा धागा तुटला, मी तो एका हाताने जोडून पुढे गेले. त्यात काय विशेष, आमच्या घरी आठ वर्षांचं पोरही जोडतं. पण मामांचा पेला तोंडाशीच राहिला.

"पुन्हा तोड बरं," ते म्हणाले.

"काहून तोडू? बाबा मारतील."

बाबा हसले, म्हणाले तोड. मी तोडला, जोडला. मामांनी ती गाठ नखाने ओढून पाहिली, दाताने ओढून पाहिली. मग बाबांना म्हणाले, "दादा, ही पोरगी मले दोन महिने द्या. हिची गाठ सुटत नाही."

हिची गाठ सुटत नाही. हे वाक्य मी पुढे फार वर्षं मनात घोळवलं. का ते सांगते.

पंख शिवायचा तर तो आडवा ठेवत नाहीत. काठावर उभा करतात, भिंतीसारखा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामा. सुई हातभर लांब. मी इकडून टोचायची, ती पंखातून पार जायची, मामा तिकडून ओढून घ्यायचे आणि फासळीच्या दुसऱ्या अंगाने मला परत पाठवायचे. मग माझ्या बाजूला गाठ. चार बोटं सोडून पुढची. दिवसभर आम्ही एकमेकांना दिसत नसू. मधे कापड, आणि कापडातून येणारा आवाज.

"सुई आली का गा मामा?"

"आली. तुही भाकर आली का?"

"आणली. आंब्याचं लोणचं आहे."

"मंग हात चालव पटापट."

टिनाच्या शेडमध्ये आम्ही भाजून निघायचो. मामांच्या खिशात लू लागू नये म्हणून कायम कांदा. डोपचा वास पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा, त्यात तो कांदा, त्यात मेण. आजही केळी जास्त पिकली की मंदा फेकायला काढते आणि मी म्हणते, राहू दे जरा वेळ.

आणि मग बाई.

त्यांचं नाव कुमुद. आडनाव कोणी घेत नसे, क्लबात सगळेच बाई म्हणत. मूळच्या कोल्हापूरकडच्या, वडील शाळामास्तर, आणि ज्या काळात पोरींना सायकल शिकवायलाही घरात मतं घ्यावी लागत, त्या काळात ह्या विमान शिकल्या. वय पस्तिशीचं. खाकी पँट, पांढरा सदरा, वेणी टोपीत कोंबलेली. उजव्या मांडीला पट्ट्याने बांधलेली लहानशी लाकडी पाटी, तिला दोऱ्याने पेन्सिल. हवेत असताना त्या पाटीवर लिहायच्या. उतरल्या की पाटी सोडायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायच्या: उजवीकडे ओढतं, दांडा जड, कुठूनतरी शिट्टीसारखा वारा. त्या पोरांना शिकवत, आणि दुरुस्त झालेलं प्रत्येक विमान पहिल्यांदा वर नेऊन तपासत. आतून बदललेल्या विमानात पहिल्यांदा बसणं म्हणजे नव्या विमानात बसणंच. पण कायम नव्हत्या. क्लबच्या समितीने ठरवलं होतं, ह्या मोसमात बाईंचं काम पाहू, मग बघू.

भाकरी खाताना त्या आम्हाला जुन्या उडवय्यांच्या गोष्टी सांगत. त्यांचे गुरू एकच विमान पुन्हा पुन्हा कारागिराकडे परत पाठवत, शेवटी कारागीर म्हणाला, साहेब, तुम्हीच बनवा. एक मित्र होता, फार देखणा, फार भला. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण होतं, मोठे पाहुणे जमले होते, हार आणलेले. त्याला काहीतरी खटकत होतं. पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची त्याला लाज वाटली.

"मग?" मी विचारलं.

"मग हार त्यालाच घातले," बाई म्हणाल्या आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मामांनी खिशातला कांदा चाचपला. जरा वेळाने बाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं आम्हाला हिंमत लागते. हिंमत बैलांची रेंगी पळवणाऱ्यालाही लागते. पहिल्यांदा वर नेणाऱ्याला शंका लागते, यशोदे. आणि ती चारचौघांत बोलून दाखवायला तोंड लागतं."

मला तेव्हा हे बोलणं नुसतं छान वाटलं. छान वाटलेली बोलणी आपण कुठे जपून ठेवतो.

बाईंचा एक नियम होता, क्लबच्या वहीत नसलेला. ज्याने पंख शिवला त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारी बसायचं. माझ्याआधी मामाच बसत. डोळे मिटून, मुठीत कांदा धरून. ह्या खेपेला मामा म्हणाले, "आता यशोदा बसन. मी सुटलो बाप्पा."

यंदा माठ घ्यायला मी मंदाबरोबर गेले होते. रस्त्याच्या कडेला कुंभारीण बसलेली, लाल काळ्या माठांची रांग. मी एकेक माठ बोटाच्या पेराने वाजवत गेले. मंदा उन्हात डोक्यावर पदर धरून उभी, वैतागलेली. पण माठ असाच घ्यायचा असतो. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. खणखणीत वाजला तर घ्या, भद्द वाजला तर ठेवा. कुंभारीण म्हणाली, "आजी, सगळे चांगले आहेत वं." मी म्हटलं, "असतीन. पण मले ऐकू दे."

बाई पंख असाच पाहत. दाराशी पोचायच्या आधी विमानाला एक फेरा, आणि प्रत्येक फासळीवर पेराने एक टकटक. मी त्यांच्याकडून विमानाचं शिकले की त्या माझ्यासारख्या माठवाल्या बायकांकडून, देव जाणे.

आणि हेच माझ्या नातीने, मंदाच्या लेकीने, उचललं. अवनी लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा माठ निवडायचं काम तिचं. सहा वर्षांची पोर, कान माठाला लावून बसायची. नाव अवनी ठेवलं आणि पाय कधी जमिनीवर राहिले नाहीत. फौजेत विमानं चालवली, मग ती तपासायचं शिकली, आता दक्षिणेत एका छोट्या कारखान्यात आहे. तिथे दोन माणसांचं नवंकोरं विमान तयार झालंय. कागदावरून पहिल्यांदा हवेत जाणार, आणि नेणार आमची अवनी. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मंदा सांगते, "तिच्या आजीनंही विमानं शिवली ना. बाईंच्या शेजारी बसली होती, त्या काळात."

बसले होते. हे खरं आहे. उडाले असं मी कधी म्हटलं नाही. पण लोक बसली म्हणजे उडाली असं धरून चालतात आणि मी साठ वर्षं चालू दिलं.

कूलर लागला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अवनीचा फोन आला, तोंड दिसणारा. परवा सकाळी पहिलं उड्डाण. मोठमोठी माणसं येणार, मांडव घातलाय.

"मग चेहरा असा काहून?" मी विचारलं.

"काही नाही गं आजी."

"सांग."

"जमिनीवर जोरात पळवलं ना, की डावीकडून एक बारीक टक् येतो. पंख जोडलाय तिथून. यंत्रं काही दाखवत नाहीत. इंजिनियर म्हणतात, तुझ्या कानात आहे. दुसऱ्या कोणाला ऐकूच येत नाही."

"तुले येतो ना?"

"मला येतो. पण आजी, आता एवढं सगळं ठरलंय. मी नाही म्हटलं ना, तर काय म्हणतील माहितीय? बाई आहे, घाबरली. मग पुढचं विमान मला देतील का?"

मंदा मागून म्हणाली, "अगं, शहाणी माणसं आहेत तिथं, त्यांनी पाहिलं असेल." अवनी म्हणाली, हो, तेही खरंय. फोन ठेवला.

आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बूड टेकलं नाही. दूध उतू गेलं. देवाची भांडी दोनदा घासली. जे दिसेल ते पेराने वाजवत फिरत होते, माठ, पातेली, दार. "आई, बस बरं एका जागी," मंदा म्हणाली, "मलेच गरगरून राहिलं." काय सांगू तिला. माझ्या बोटाखाली पंख होता. साठ वर्षांपूर्वीचा, डाव्या अंगाचा, टोकाची फासळी.

आमच्या घरी एक रीत होती. संध्याकाळी माग सोडताना काम पुरं करायचं नाही. लुगडं संपत आलं असलं तरी शेवटचं चार बोटं विणायचं ठेवायचं, शेवटची गाठ मारायची नाही. रिकामा माग रात्रभर ठेवू नये. बाबा म्हणायचे, "काम बाकी असलं का माणूस परत येते." सकाळी उठून आधी ती गाठ मारायची, मग चहा. हे मला कोणी शिकवलं नाही. चालायला शिकले तसं ते हातात आलं.

पंखाची शेवटची फासळी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मामांनी तिकडून शेवटची सुई परत दिली आणि हात धुवायला गेले. मी दोरा ओढला, फास घातला, आणि गाठ ठेवली. मुद्दाम नाही. हातानेच ठेवली. सकाळी आल्याबरोबर मारायची, असं मनात होतं का, तेही आठवत नाही. दुसऱ्या सकाळी सीताबर्डीवर बस बंद पडली. उन्हात पायी चालत मी पोचले तर मामांनी शिवणीवर दातेरी काठाच्या पट्ट्या चिकटवून डोपचा पहिला हात दिलेला. पहिला हात लाल असतो. पंख कुंकवासारखा लाल, ओला, आणि माझी न मारलेली गाठ त्याच्याखाली.

तेव्हाच बोलले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. पट्टी उचलायची, गाठ मारायची. पण मामा इतके खुशीत. "पाह्य यशोदे, काय झाला आहे पंख. नवरीवानी." मी म्हटलं, हो मामा. मनात म्हटलं, एवढ्या शेकडो गाठींत एक. कोणाला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी दुसरा हात. आता सांगायचं म्हणजे दोन हात खरवडायचे. तिसऱ्या दिवशी तिसरा. चूक तेवढीच होती, वरचा थर वाढत होता. मी कोणी नसताना जाऊन त्या टोकाला पेराने वाजवायची. बाकी पंख टंग वाजायचा. तिथे भद्द. कधी वाटायचं टंगच आहे. कान लावायची, पुन्हा वाजवायची. जेवण जाईना. आई म्हणाली, पोरीले ऊन लागलं, आणि कैरीचं पन्हं पाजलं. मला ते गिळताना डोपचा वास येत होता.

तो दिवस आला. नवतपा लागायला दोन दिवस राहिलेले. समितीचे तिघे साहेब कनातीच्या सावलीत सरबत घेऊन बसले होते. बाईंनी विमानाला फेरा घातला. टक, टक, टक, फासळीमागून फासळी. डाव्या टोकाशी आल्या. एकदा वाजवलं. थांबल्या. पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विचारल्यासारखंही नाही, नुसतं पाहिलं. मी मान खाली घातली.

"चल, बस," त्या म्हणाल्या.

त्यांना कळलं होतं का? मी हे आजवर स्वतःला विचारत आले. कळलं असेल तर त्या मला का बसवत होत्या? कळलं नसेल तर दुसऱ्यांदा का वाजवलं?

मी बसले. पट्टा आवळला. बाईंनी मांडीवरची पाटी नीट केली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, तारीख लिहिली. समोर मामा पंख्याच्या पात्यावर हात ठेवून उभे. तेव्हा विमान असंच सुरू व्हायचं, खालून एक जण पातं फिरवायचा. ते ओरडले, "स्विच?" बाई म्हणाल्या, "ऑफ." मामांनी पातं दोनदा फिरवून घेतलं. पुढचा शब्द बाईंचा होता. तो त्यांनी उच्चारला की इंजिन लागणार. बाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं.

"बाई, एक गाठ राहिली."

माझाच आवाज. इतका बारीक की मलाच ऐकू आला नसेल असं वाटलं. बाईंनी बोट काढून घेतलं.

"कुठली?"

"डावीकडची शेवटची."

"बरं," त्या म्हणाल्या. पट्टा सोडला आणि उतरल्या.

मामांनी चाकूने पट्टी कापली. खाली दोरा मोकळा होता. इतकंच नाही, पंख हलवताना, फिरवताना धक्के बसले असतील, त्याच्या मागचे दोन फासही सैल पडत चालले होते. हवेत ते एकेक करून किती सुटले असते कोणास ठाऊक. मामांचा चेहरा पांढरा. ते मला बोलणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"गाठ हिची राहिली, मामा. पण विमान माझं होतं."

तेवढ्यात कनातीतून एक साहेब उठून आले. "काय झालं, बाई?"

"आज नाही नेणार."

"कारण?"

बाईंनी मांडीवरची पाटी उचलली, त्यावर लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरली. वैमानिकाचं समाधान झालं नाही. उड्डाण रद्द. माझं नाव नाही, गाठीचं नाव नाही. साहेबांनी ते वाचलं, कनातीकडे परत गेले, आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. मग एक जण मुद्दाम आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "शेवटी बाईच."

मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. साहेब, चूक माझी आहे. चार पावलं होती फक्त. माझे पाय उचलले नाहीत. मामांनी दोनदा तोंड उघडलं, बाईंनी दोनदा मान हलवली. मामा तरी त्यांचा शब्द पाळत होते. मी नुसती भीत होते.

गाठ मारून, पट्टी लावून, पुन्हा डोप वाळेपर्यंत चार दिवस गेले. तेवढ्यात समितीने बाहेरून एक उडवय्या बोलावला. त्याने विमान नेलं, फिरवलं, आणलं. उत्तम उडालं. उडणारच, सगळ्या गाठी होत्या. त्याला हार घातला. बाई टाळ्या वाजवणाऱ्यांत उभ्या होत्या. जून लागता लागता त्या पेटी घेऊन स्टेशनवर गेल्या. मामा पोचवायला गेले, मी गेले नाही. नंतर एकदा मामांना पत्र आलं, कुठल्याशा लहान गावच्या शाळेत गणित शिकवतात म्हणून. खाली एक ओळ माझ्यासाठी: यशोदेला सांगा, तिने वेळेत सांगितलं.

वेळेत. मामांनी वाचून दाखवलं तेव्हा मी शेडच्या मागे जाऊन रडले. त्या दिवसापासून मी कुठलंही काम उद्यावर ठेवलं नाही. आईची रीत नाही, बाबांची रीत नाही. दिवा लावायच्या आधी सगळ्या गाठी मारून मोकळी. लोक म्हणतात, यशोदाबाई फार उरकत्या. उरकती कसली, भ्यालेली.

तर ते सगळं घेऊन मी घरभर फिरत होते. मला वाटत होतं, मी काय विमानातलं जाणते. शिकल्यासवरल्या लोकांमध्ये म्हातारीने कशाला तोंड घालावं. आणि मी सांगितलं, तिने नाही म्हटलं, आणि पुढचं विमान खरंच गेलं, तर? एका बाईचं गेलं होतं माझ्यामुळे. आता दुसरीचं? दुपारचे चार वाजेपर्यंत मी हेच दळत होते. मग मंदाला म्हटलं, फोन लावून दे.

"आजी, मी मीटिंगला चाललेय, पटकन बोल."

"पटकन नाही होणार. बस."

मी तिला सगळं सांगितलं. बसले होते, उडाले नव्हते, इथपासून. मंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही माहीत नव्हतं. तिच्या हातातला झारा तसाच. शेवटी मी म्हटलं, "उड किंवा नको उडू, ते मी सांगणारी कोण. पण तुले ऐकू येते ना, मंग आहे तो आवाज. माठ भद्द वाजला तर आपण कुंभाराले विचारत नाही."

मग ती म्हणाली, "त्यांना कायम केलं नाही, एवढ्यावरून?"

"हो."

"आणि तू मला हे आता सांगतेस, आदल्या दिवशी."

"मले उशिराच सुचते, पोरी."

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी मांडव होता, पाहुणे होते, आणि अवनी विमानाला फेरा घालून आली आणि म्हणाली, आज नाही. हे तिने नंतर सांगितलं. कारण लिहा म्हणाले. तिने लिहिलं, वैमानिकाचं समाधान झालं नाही. मग पुढचे आठ दिवस त्यांनी डावा पंख उघडून पाहिला. आता तुम्हाला वाटेल, काही मोठं निघालं असेल. मलाही वाटत होतं. खरं सांगू, मी तशी आशा धरून होते. काही निघालं नाही. एकूणएक खिळा, एकूणएक जोड जागच्या जागी. पुन्हा बसवला, तर टक् बंद. का येत होता, का बंद झाला, कोणालाच ठाऊक नाही. कारखान्यात पोरं आता तिच्या टेबलावर पेराने टकटक करून जातात म्हणे.

"हसून राहिले ना?" मी विचारलं.

"हो. मीही हसते."

"पुढचं विमान?"

"बघू. काही बोलले नाहीत."

मी तिला ह्याच फाट्यावर आणून ठेवलं, हे मला दिसतंय. तिला दिसत नसेल असं नाही. तरी फोन ठेवताना म्हणाली, "आजी, मला रात्री मस्त झोप लागली." मला वाटतं बाईंनाही लागली असेल. हे मला साठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

आज सकाळी ती उडणार आहे. मांडव नाही, पाहुणे नाहीत. उजाडल्यापासून मी दोनदा गच्चीवर जाऊन आले. कूलर घुंई करतोय. मंदा फोन हातात धरून स्वयंपाक करतेय, पोळी करपल्याचा वास इथवर आलाय. मी आपली तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी घेऊन बसले आहे. महिनाभर चालली होती, आज सकाळी शेवटच्या टाक्याला आली. नेहमीसारखी गाठ मारायला गेले आणि हात थांबला.

"झाली का वं?" मंदाने आतून विचारलं.

"झाली. एक गाठ आहे फक्त."

"मंग मार ना."

काम बाकी असलं का माणूस परत येते, हे बाबांचं बोलणं पंखावर चुकलं होतं, गोधडीवर नाही. सुई कापडात खोचून ठेवली आहे. दोरा वीतभर सोडला आहे, अवनीला गाठ मारायला पुरेल एवढा.